मेंढपाळाच्या कुत्र्याचा पाय

श्रोतेहो, १८३७ सालच्या सुमाराची ही हकीकत आहे. इंग्लंडातल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाने आपल्या कुत्र्याला फास लावायचे ठरवले होते. मेंढपाळाचे नाव रॉजर, कुत्र्याचे नाव कॅप. कॅप पिसाळला नव्हता, की त्याने कुणाच्या कोकराला तोंड लावले नव्हते. पोरांनी त्याला दगड मारले, त्यातला एक नेमका पायावर बसला. पाय सुजला आणि जमिनीला टेकवेना. एवढाच काय तो त्याचा अपराध.

आपल्याकडच्या धनगर बांधवांना रॉजरची अडचण फोड करून सांगायला नको. कळप एकीकडे आणि माणूस एकीकडे, अशा वेळी कुत्रा म्हणजे मेंढपाळाचे दुसरे पाय. तो बसला की मेंढ्या पांगल्या. बसलेल्या कुत्र्याला भाकर घालायची आणि वर कामाला दुसरा कुत्रा पाळायचा, एवढी ऐपत त्या गरिबाची कुठली? शिवाय मोडक्या पायाने कुत्र्याचे कण्हणे बघवत नाही ते निराळेच. तेव्हा रॉजरला कसाई म्हणू नका. त्या काळी दोर हाच उपाय समजला जाई, आणि त्यात दयाही आहे असेच लोक मानत.

त्या वाटेने गावचे पाद्री आणि एक सोळा वर्षांची मुलगी घोड्यांवरून चालले होते. मेंढ्या उधळलेल्या आणि म्हातारा एकटाच त्यांच्यामागे धावतो आहे, हे पाहून त्यांनी विचारले, कुत्रा कुठे आहे? रॉजरने सगळे सांगितले. दोघे त्याच्या झोपडीकडे गेले. कॅप आत पडला होता. अनोळखी माणसे पाहून तो गुरगुरला. मुलीने त्याला गोंजारले, नावाने हाक मारली, तेव्हा तो निवला. पाद्र्यांनी धर्मोपदेशक होण्याआधी थोडे वैद्यक शिकून घेतले होते. त्यांनी तो सुजलेला पाय वरपासून खालपर्यंत बोटांनी हलकेच चाचपला आणि सांगितले, हाड मोडलेले नाही, मुका मार आहे, शेकावा. मुलीने विस्तव पेटवला, पाणी तापवले, कापडाच्या पट्ट्या काढल्या आणि किती तरी वेळ शेक दिला. थोड्याच दिवसांत कॅप पुन्हा मेंढ्यांमागे धावू लागला.

ती मुलगी म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल. पुढे १८५४ साली क्रिमियाच्या लढाईतल्या जखमी शिपायांची शुश्रूषा करायला गेली तीच. शिक्षक मंडळींनी ही गोष्ट कुठल्या तरी चरित्रात वाचली असेल. कुणी ती हॅम्पशायरमध्ये घडली म्हणतात, कुणी डर्बीशायरमध्ये. तो वाद चरित्रकारांचा, आपण त्यात पडू नये. मात्र वर्गात ही गोष्ट सांगताना आपण नेहमी मुलीच्या दयाळूपणावर थांबतो, आणि मला वाटते तिथेच थोडी चूक होते. दया रॉजरच्या पोटातही होती. कॅपचा जीव वाचला तो पाद्र्यांच्या बोटांमुळे. रॉजरने पाय पाहिला होता, चाचपला नव्हता. सुजलेला, टेकवत नाही, म्हणजे मोडलाच, असे त्याने धरून चालले.

आता आपल्या आजच्या विषयाकडे वळू. समजा, कॅपचा पाय खरोखरच मोडला असता तर? त्या काळी पाद्र्यांनी काय केले असते? हा प्रश्न मनात धरला म्हणजे जनावरांच्या उपचारांचा पुढचा इतिहास नीट उलगडतो.

पशुवैद्यकाची शाळा तोवर नव्हती असे नाही. फ्रान्समध्ये लिऑन शहरी क्लोद बूर्जेला या गृहस्थांनी १७६२ साली पहिली शाळा सुरू केली होती, आणि लंडनमध्येही १७९१ साली अशी शाळा निघाली होती. पण तिथला सगळा भर घोड्यांवर. घोडा म्हणजे फौज, घोडा म्हणजे गाडी, घोडा म्हणजे पैसा. कुत्र्याकडे कोण बघतो! डेलाबीअर ब्लेन नावाच्या इंग्रज पशुवैद्याने १८१७ साली कुत्र्यांच्या रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तोही तेव्हा अपवादच. भूल देण्याचे औषध नव्हते. जखम का चिघळते ते माहीत नव्हते. हाड आतून कसे मोडले आहे ते दिसण्याची सोय नव्हती. हाताशी होत्या त्या फक्त कामट्या आणि चिंध्या.

पण मंडळी, कामट्या आणि चिंध्यांना हसू नका. त्यातही मोठे शास्त्र आहे, आणि ते आपल्याकडे फार जुने आहे. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांच्या उपचारांचा एक सबंध अध्याय आहे. तो माणसांविषयी आहे, पण हाड ते हाडच. मोह, उंबर, पिंपळ, पळस, वड यांच्या साली आणि वेळूच्या पट्ट्या हाडाला आधार म्हणून बांधाव्यात असे त्यात सांगितले आहे. त्यापुढे जे सांगितले आहे ते मला सर्वांत मोलाचे वाटते. बंध फार सैल झाला तर सांधा स्थिर राहत नाही, आणि फार आवळला तर सूज येते, ठणका लागतो, कातडी पिकते. म्हणून बेताचा बांधावा. आणि बांधून विसरून जायचे नाही. थंडीच्या दिवसांत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच दिवसांनी आणि कडक उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावा, असा हिशेबही दिलेला आहे.

हा हिशेब खेड्यात अजून विसरला जातो, म्हणून इथे जरा थांबतो. कुत्र्याच्या पायावरून गाडीचे चाक गेले, की कुणी तरी जाणता माणूस चार कामट्या लावून सुतळीने करकचून आवळतो. हेतू चांगला. पण मोडलेला पाय पहिले दोन-तीन दिवस सुजतच असतो. सूज आतून वाढते, सुतळी बाहेरून जागची हलत नाही, आणि मध्ये रक्ताची वाट कोंडते. आठवड्याने सोडून पाहावे तो पंजा थंडगार, काळा पडलेला, आणि वास सुटलेला. जो पाय सांधला असता तो आता कापण्यावाचून गत्यंतर राहत नाही. किती तरी पाय असे मोडल्याने जात नाहीत, बांधल्याने जातात!

तेव्हा बांधायचेच झाले तर काय पाहायचे? पायाखाली कापूस किंवा मऊ कापड भरपूर घ्यावे. पट्टी पंजापासून वर न्यावी. नुसता पायाचा मधला भाग आवळला तर खालचा पंजा फुगतो. मधल्या दोन बोटांची टोके उघडी ठेवावीत आणि दिवसातून दोनदा ती पाहावीत. बोटे गार लागली, सुजली, एकमेकांपासून फाकली, तर तास न दवडता पट्टी सोडावी. मोड गुडघ्याच्या किंवा कोपराच्या वर असेल, म्हणजे मांडीचे किंवा दंडाचे हाड गेले असेल, तर घरी कामट्या मुळीच लावू नयेत. तिथे त्या वरच्या सांध्यापर्यंत पोचत नाहीत. त्यांचे ओझे लोलकासारखे खाली हेलकावे खाते आणि मोडलेली टोके जास्तच हलतात. अशा कुत्र्याला फळीवर किंवा घोंगडीत घालून उचलून न्यावे, हेच बरे.

आता पुन्हा इतिहासाकडे. कॅपनंतर नऊ वर्षांनी, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, अमेरिकेत बोस्टन शहरी मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथर हुंगवून एका रुग्णाला भूल दिली आणि शस्त्रक्रिया उघड्यावर सर्वांना दाखवली. त्याआधी त्याने ईथरचा प्रयोग आपल्या पाळीव कुत्र्यावर केला होता, हे मुद्दाम लक्षात ठेवा. पुढच्या वर्षी एडिंबरोला सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणला. भूल आली म्हणजे वैद्याला घाई राहिली नाही. त्याआधी पाय कापायचा तो जनावराला चौघांनी दाबून धरून, मिनिटांच्या हिशेबाने.

नुसत्या भुलेने मात्र भागत नव्हते. कातडी फाटून हाड बाहेर आले असेल तर जखम चिघळायची आणि माणूससुद्धा दगावायचा. म्हणून अशा मोडीला माणसाचाही पाय कापून टाकण्याचीच रीत होती. १८६५ साली ग्लासगोच्या इस्पितळात अकरा वर्षांचा एक मुलगा आला. त्याच्या पायावरून गाडीचे चाक गेले होते आणि जखम उघडी होती. जोसेफ लिस्टर या शल्यवैद्यांनी पाय कापला नाही. कार्बॉलिक ॲसिडात भिजवलेली पट्टी जखमेवर ठेवली. सुमारे सहा आठवड्यांत हाड जुळून आले आणि मुलगा आपल्या दोन्ही पायांवर घरी गेला. १८६७ साली लिस्टरांनी आपली पद्धत छापून प्रसिद्ध केली. तिथून पुढे ‘कापायचा की ठेवायचा’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने प्रश्न झाला. तोवर उत्तर आधीच ठरलेले असे. १८९५ च्या नोव्हेंबरात राँटजेन यांना क्ष-किरण सापडले, आणि पुढच्याच वर्षी पशुवैद्यांनी घोड्यांच्या पायांची क्ष-किरण चित्रे घेतली. पाद्र्यांच्या बोटांना जे चाचपून कळले, ते आता काचेवर दिसू लागले.

आपल्याकडे या काळात काय चालले होते? मुंबई शहरात भटके कुत्रे मारण्याचा हुकूम होता आणि मारणाऱ्यांना बक्षीस मिळे. १८३२ च्या जूनमध्ये त्यावरून मोठा दंगा झाला. पारशी मंडळींना कुत्रा पूज्य, जैन व हिंदू व्यापाऱ्यांना जीवहत्या असह्य, तेव्हा त्यांनी दुकाने बंद ठेवली आणि गोऱ्या फौजेचे दाणापाणीही अडवले. त्यातून मार्ग निघाला तो १८३४ साली. जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. पांजरपोळाने जीव राखला, हे फार मोठे काम होते. पण जीव राखणे वेगळे आणि पाय बरा करणे वेगळे. त्यासाठी आणखी पन्नास वर्षे जावी लागली. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून परळला १८८३ साली बाई साकरबाई यांच्या नावाने जनावरांचे इस्पितळ स्थापन झाले, आणि त्याच्याच आवारात १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. गावोगावी जो गुरांचा दवाखाना आज तुम्हाला दिसतो, त्यातले किती तरी डॉक्टर याच परंपरेत शिकून आलेले आहेत.

आणखी एक गंमत सांगतो. कुत्र्याला प्लॅस्टर घातले तर तो ते चावून काढतो, हे ज्याने कुत्रा पाळला आहे त्याला ठाऊक असते. अमेरिकेत पेनसिल्व्हानियामध्ये ऑटो स्टेडर या पशुवैद्यांना १९३० नंतरच्या दशकात हाच त्रास होता. त्यांनी काय युक्ती केली? मोडीच्या वर आणि खाली हाडात पोलादी पिना बसवल्या आणि त्यांची बाहेरची टोके एका धातूच्या दांडीला जोडली. दांडीला फिरकी. ती फिरवून हाड सरळ रेषेत आणायचे. कुत्रा त्या पायावर लवकर चालू लागे. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळातल्या डॉक्टरांनी ते पाहिले, माणसांवर वापरले, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या आरमाराने जखमी खलाशांसाठी तीच दांडी घेतली. एरवी औषध माणसाकडून जनावराकडे येते. इथे वाट उलटी झाली.

इतके सगळे असूनही काही पाय कापावेच लागतात. कोणते? ज्यातला रक्तपुरवठा संपला आहे आणि जो काळा पडला आहे, तो. ज्याचे हाड-मांस चिरडून गेले आहे, तो. हाडात कर्करोग झाला आहे, तो. आणि चौथा प्रकार फसवा असतो. मोटारीच्या धक्क्याने पुढच्या पायाच्या नसा काखेत मुळापासून उखडल्या जातात. हाड शाबूत असते, पण पाय लोंबतो, पंजा उलटा होऊन जमिनीवर घासतो आणि त्याला जखमा पडतात. इथे डॉक्टर बोट चिमट्याने दाबून पाहतात. कुत्र्याने नुसता पाय ओढून घेतला तर त्यावरून काही ठरत नाही, ती मज्जारज्जूची सवय आहे. त्याने वळून पाहिले, केकाटला, चावायला आला, तर दुखणे मेंदूपर्यंत पोचते आहे आणि आशा आहे. अशा वेळी काही आठवडे थांबून पाहतात. कुत्रा स्वतःच तो बधिर पाय कुरतडू लागला, तर मात्र थांबता येत नाही.

हेही ध्यानात असू द्या की गाडीखाली आलेला कुत्रा बहुधा पायाने मरत नाही. छाती दबलेली असते, मूत्राशय फुटलेले असते, आतून रक्त जात असते. म्हणून शहाणा डॉक्टर आधी श्वास पाहील, हिरड्या पांढऱ्या पडल्या आहेत का पाहील, लघवी होते का विचारील, आणि पायाचे काम उद्यावर टाकील. त्याला ‘पायाकडे बघा की!’ म्हणून घाई करू नका. तोवर आपण एवढे करावे: वाहती जखम स्वच्छ फडक्याने दाबून धरावी, बाहेर आलेले हाड आत ढकलू नये, वर राख, चुना, गाडीचे काळे तेल असले काही लावू नये. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत, त्यातल्या काही त्याला विषासारख्या बाधतात. आणि आपला लाडका कुत्रासुद्धा दुखऱ्या पायाला हात लावताच चावतो. श्वासाला त्रास नसेल तर मऊ नाडीने तोंड बांधून घ्यावे. चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायला जावे. त्यात हयगय नको.

पाय कापतात तो फार वरून, हे पाहून घरची माणसे हबकतात. पुढचा असेल तर बहुतेक खांद्याच्या फऱ्यासकट, मागचा असेल तर खुब्यातून किंवा मांडीच्या मध्यावरून. “अर्धा तरी ठेवायचा होता,” असे म्हणतात. पण अर्धा ठेवला तर कुत्रा तो खुंट टेकायला जातो, जमिनीवर आपटतो, आणि जखम कधी भरत नाही.

त्यानंतरचे काम आपले. बहुतेक कुत्रे एक-दोन दिवसांत तीन पायांवर उभे राहतात. कित्येकदा आपलेच डोळे भरून येतात आणि कुत्रा शेपूट हलवत भाकरीकडे बघत असतो. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर चाटू देऊ नये. डॉक्टरांकडचा गळ्यातला पत्रा नसेल तर प्लॅस्टिकच्या जुन्या बादलीचे बूड कापून, कडा कापडाने मढवून ती गळ्यात अडकवावी. फरशी गुळगुळीत असेल तर गोणपाट अंथरावे, कारण घसरून पडला की त्याचा धीर जातो. ओट्यावरून उड्या मारू देऊ नये. आणि खायला घालताना माया आवरावी. कुत्र्याचे सुमारे साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असते. म्हणून पुढचा पाय गेलेल्याला जास्त जड जाते, आणि वजन वाढले की उरलेले सांधे लवकर झिजतात. आधीच सांधेदुखी असलेला म्हातारा, भारी अंगाचा कुत्रा असेल, तर पाय कापण्याआधी डॉक्टरांशी याबद्दल मोकळेपणाने बोलावे. प्रत्येकाला तीन पाय झेपतीलच असे नाही.

रॉजर आज असता तर त्याने एकच विचारले असते: तीन पायांचा कॅप मेंढ्यांमागे जाईल का? त्याला खरे उत्तर द्यायला हवे. थोडे अंतर तो वाऱ्यासारखा जाईल. पण दिवसभर खडकाळ रानात कळप वळवणे त्याच्याने होणार नाही, आणि जबरदस्ती केली तर वर्षा-दोन वर्षांत दुसराही पाय धरेल. चरायला नेण्यासाठी रॉजरला दुसरा कुत्रा बघावाच लागेल. कॅपला रात्री वाड्याच्या तोंडाशी बसवावे. लांडग्याचा वास घेण्यासाठी नाक लागते, आणि ओरडण्यासाठी घसा.